दरबारचा सातवा मासा वरणाच्या डब्यांतून गेला, त्याची हकीकत

॥ श्रीवरुण रक्षिता ॥ शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पंचमी. ऐकणारांनीं कान द्यावे आणि दार लोटून घ्यावें, कारण मजकूर भयाचा आहे.

एक राज्य होतें. नांव पुसूं नये. तेथें दिवाणखान्यांत कांचेच्या टाकींत सोनेरी मासे सात, राजगुरू तात्याचार्य यांचे सल्ल्यानें ठेविले होते. तात्यांचें शास्त्र ऐसें कीं, धन्यावरील गंडांतर मासा आपले अंगावर घेतो आणि मरतो. मग महाराज जिन्यावरून पडतां पडतां वांचले आणि एक मासा मेला. बंधूंचें बंड फसलें आणि दोन मेले. ऐसें करितां सहा खर्ची पडले आणि एक उरला. तों वरिष्ठ पातशाहीचें पत्र आलें कीं, कारभाराची चौकशी करावयास अंमलदार येत आहेत. महाराज टाकीपाशीं धांवले. "तात्या, हा तरी लौकर जाईल ना?" "जाईल, सरकार. मात्र हातानें मारूं नये, फळ मिळत नाहीं. त्याचा त्यानें गेला पाहिजे." मग हुकूम सुटला कीं टाकीचें पाणी बदलूं नये, दाणा घालूं नये, हवेचें यंत्र बंद ठेवावें, आणि रोज सकाळीं सारा दरबार टाकीपाशीं येऊन "आज कसें काय?" ऐसें पुसूं लागला. पाणी हिरवें जाहलें, शेपटीच्या चिंध्या जाहल्या, मासा एका कुशीवर कलून वर तोंड काढून वारा पिऊं लागला, परंतु मरेना. तेणेंकरून दरबारास अधिकच भय वाटलें.

टाकीशेजारीं दप्तरदार भिकोपंत बसत. पंत मोठे भित्रे. शिंक आली तरी इकडे तिकडे पाहून शिंकत. मासा दिवसभर त्यांजकडे पाही. पंतांनीं टाकीकडे पाठ केली, मग तो पाठीकडे पाहतो ऐसें वाटूं लागलें. नवव्या दिवशीं दुपारीं दरबार वामकुक्षीस गेला, आणि पंतांनीं आपला जेवणाचा डबा विसळून, वरणाच्या डब्यांत पाणी व मासा घेऊन झांकण लाविलें, आणि तैसेच जाऊन तात्यांस वर्दी दिली कीं, मासा वारला, विहिरींत सोडिला. "देह दाखवावयाचा होतात." "वास येत होता, आचार्य." तात्यांनीं नाक धरिलें आणि नगारा वाजविला.

घरीं भागीरथीबाईंनीं डबा घासावयास घेतला. "अहो! माझ्या वरणाच्या डब्यांत हें काय वळवळतंय?" "हळू बोल. राजद्रोह आहे." "राजद्रोहाला कल्ले असतात होय? झुरळ दिसलं तर पाटावर चढतां तुम्ही, आणि हें घेऊन आलांत?" "अगं, नऊ दिवस त्याच्या पोटांत कांहीं नाहीं." "मग तसं आधीं सांगावं कीं!" ऐसें बोलून बाईंनीं आदले दिवशींचें ठेवणीचें पाणी बादलींत ओतिलें, चिमूटभर खडेमीठ घातलें, आणि मग नित्य तिसरा हिस्सा पाणी बदलून, शिजल्या वाटाण्याची साल काढून तिळाएवढा कण भरवीत गेल्या. दारावर थाप पडतांच बाई बादलीवर परात ठेवीत आणि पंत परातीवर बसत. महिन्याभरांत माशास नवी शेपटी फुटली, रंग परतला, आणि तो बाईंच्या बोटाशीं येऊं लागला. परंतु जों जों मासा सुधारे, तों तों पंत वाळत, कीं हा जगला तर संकट कोठें हिंडत असेल?

तों अंमलदार सरहद्दीवरूनच परत गेले. कारण कळलें नाहीं. महाराज संतोषी होऊन, शुभ वर्दी देणाऱ्या पंतांस शाल देण्यास तात्यांसह घरीं आले, आणि परात ठेवावयाच्या आंत माशानें वर तोंड काढिलें. कपाळींचा पांढरा ठिपका महाराजांनीं ओळखिला. "पंत, हा आमचा." पंत पायांवर पडले ते उठेनात. बाई पुढें जाहल्या. "सरकार, मारायचं तर आम्हांला मारा. त्याला आत्तां कुठं भूक लागायला लागलीय." महाराज बादलीवर वांकले आणि हळूच बोलले, "मासा तर जिवंत. संकट तर टळलें. तर मग तें घेतलें कोणीं?" तात्यांनीं डोळे मिटून बोटें मोजलीं आणि डोळे उघडले ते पंतांकडे. "जो मासा उचलतो, भार त्याजकडे जातो." सर्वांनीं पंतांकडे पाहिलें. मग मोठ्या ममतेनें शाल त्यांजवर पांघरण्यांत आली.

दुसरे दिवशीं टाकी हलविली आणि त्या जागीं पंतांची बैठक घातली. त्यांच्या तांब्यांतील पाणी बदलेनासें जाहलें, चहा बंद पडला, खिडकी लाविली गेली, आणि रोज सकाळीं महाराज येऊन पुसत, "पंत, आज रंग फिका वाटतो?" दरबार पुढें वाकून ऐके. "बरा आहें, सरकार," ऐसें पंत म्हणत, आणि दरबार खिन्न होऊन आपापल्या जागीं जाई.

सारांश, मासा वांचला, तो सुखरूप असे. पंतांस घरून डबा जातो; बाईंनीं त्याचा एक कप्पा वाढविला आहे. पातशाहीहून दुसरें पत्र निघाल्याची बातमी आहे. मजकूर इतकाच.