गिरमाजीपंतांचे मीठ दोनदा पडले त्याची बखर

श्री. अग्नीस नमस्कार, अन्नास नमस्कार, आणि ऐकणाऱ्यांच्या कानांस दोनदा नमस्कार. पुढे सांगितले आहे ते अक्षर नि अक्षर खरे. खरे, खरे, त्रिवार खरे! खोटे निघाले तर तोंडातले उरलेले चार दात आजच्या आज पडोत.

शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, महिना वैशाख, वार आता आठवत नाही पण उकडत फार होते, ते समयी एका राज्यात गिरमाजीपंत म्हणोन मुदपाकखान्याचे मुख्य होते. हाताखाली चाळीस माणूस, आठ चुली, आणि तिथली रीत अशी की भाजी कोणीही चिरावी, डाळ कोणीही शिजवावी, पण मीठ घालावे ते मुख्याच्याच हाताने. त्यास मिठाचा मान म्हणत. पंत माणूस वाईट नव्हते. सगळ्यांच्या आधी येत, सगळ्यांच्या मागून जात, आणि रोज सकाळी माणसे उभी करून म्हणत, "माझं काही चुकत असेल तर मोकळेपणानं सांगा हो. मला खरं आवडतं." आणि असे म्हणताना हातातले आमटी वाढायचे ओगराळे असे काही उगारून धरीत की चाळीस जण एका तोंडाने म्हणत, "काही नाही पंत!" मग पंत खूश होत आणि म्हणत, "बघा, आमच्याकडे सगळं कसं मोकळं आहे."

पुढे पंतांस साठावे लागले आणि विसर पडू लागला. सकाळी आमटीत मीठ घालावे, मग संध्येस बसावे, आणि उठून हंड्यापाशी यावे तो आठवेना, घातले की नाही? विचारावे तर मान जातो. मग पंत मनाशी म्हणत, "नसेलच घातलं," आणि पुन्हा मूठभर टाकीत. पहिल्या दिवशी हात जरा कचरला. दुसऱ्या दिवशी कमी कचरला. आठव्या दिवसापासून तर मीठ दोनदा घालणे हीच जणू रीत जाहली. चाखायची वेळ आली की पंत पळीभर आमटी घेत, वर तांब्याभर पाणी घटाघटा पीत, आणि म्हणत, "वा! ऊन मात्र फार हो यंदा."

त्या आमटीने राज्यात काय जाहले ते ऐका. जेवणे झाली की माणसे तळ्याकडे धावत, आणि महिन्याभरात तळे चार पायऱ्या खाली गेले. उरलेला भात आमटीत कालवून हत्तीस घातला, तो हत्ती उठला आणि नदीत जाऊन बसला, तो तीन दिवस उठेना. माहूत वरच बसून जेवत होता. मुदपाकखान्याच्या कौलांवर कावळे येईनासे झाले, येत तेही आपापले पाणी पिऊन येत. धोंडभट म्हणोन एक वाढपी होता, तो एकदा म्हणाला, "पंत, आज किंचित खारट..." तो पंत म्हणाले, "अरेरे, जिभेचा आजार दिसतो तुला," आणि त्यास घरी पाठवले. पंतांस वाटले, आपण त्याच्यावर दयाच केली. त्याच्यामागून आणखी एकाची जीभ आजारी पडली, तोही गेला. मग कोणाची जीभ आजारी पडेना.

आता त्या मुदपाकखान्यात उमाक्का म्हणोन एक बाई होत्या. एकतीस वर्षे आमटीचा हंडा ढवळीत आलेल्या, नवरा गेलेला, माहेर नाही, सासर नाही, तो हंडा हेच घर. एके दिवशी शेजारच्या राज्याचे वकील जेवायला यायचे ठरले. राजेसाहेबांनी निरोप धाडला की या जेवणावर दोन राज्यांची सोयरीक अवलंबून आहे. त्या दिवशी पंतांनी सकाळी मीठ घातले, संध्या केली, आणि पुन्हा मूठ भरून आले. उमाक्काने हंड्यावर झाकण ठेवले आणि वर हात ठेवला.

"झाकण काढा, आक्का."

"पडलंय मीठ, पंत. पहाटेच पडलंय."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. इथंच उभी होते, हलले थोडीच?"

बाकीची माणसे भाज्यांकडे बघू लागली. पंतांनी झाकण सरकवले, मूठ सोडली, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आक्का, वय झालं तुमचं. तुमचीही जीभ आजारी पडली. पंगत बसायच्या आत ओगराळं ठेवा आणि निघा."

उमाक्काने ओगराळे ठेवले. पदर खोचला होता तो सोडला. आणि जाता जाता म्हणाल्या, "जाते. चुलीपाशी नाही तर देवळापाशी बसेन. पण एवढं सांगा पंत, आमटी चाखायच्या आधीच तुम्ही तांब्या का भरून घेता?"

"म्हणजे?"

"चाखून तहान लागली तर समजू. तुम्ही आधीच भरता. तुमच्या हाताला ठाऊक आहे, तुम्हालाच नाही."

पंत हसले आणि म्हणाले, "काय बाई हो तुम्ही!" आणि चाखायला पळी उचलली, तो डावा हात आपसूक तांब्याकडे निघाला. पंतांनी त्या हाताकडे असे पाहिले की जणू दुसऱ्याच कोणाचा हात आपल्या खांद्यास लागला आहे. मग तो हात मागे घेतला. मग ऊन आठवले. मग काल उपास होता ते आठवले. मग यंदाचे मीठच जहाल आले असेल असे वाटले. आणि असे एकामागून एक येत गेले ते पंतांनी येऊ दिले, आणि सगळे येऊन गेल्यावर, पाणी न घेता, ती पळी तोंडात घातली.

डोळ्यांत पाणी आले. काही मिठाने आले, काही कशाने ते पंतांस ठाऊक.

तिकडे पंगत बसलेली, वकील पाटावर, राजेसाहेब शेजारी. पंत बाहेर गेले, हात जोडले आणि म्हणाले, "महाराज, दोन घटका उशीर होईल. मीठ दोनदा पडलं. हात माझा." राजेसाहेब उडाले आणि म्हणाले, "म्हणजे ते मीठ होतं? आम्हास वाटलं आमचीच जीभ गेली! चार वैद्य झाले, पंत! कडू काढे प्यालो आम्ही!" आणि मग एकेक सरदार म्हणू लागला, मलाही तसंच वाटलं, मलाही. वकील म्हणाले, "आमच्याकडे तर बातमी होती की तुमच्या राज्यात समुद्र आलाय." मग हशा जाहला, आणि हशात ताक वाढले, आणि नवी डाळ शिजेतो वकील तीन वाट्या ताक प्यायले, आणि सोयरीक ताकावरच ठरली.

मग पंतांनी धोंडभटास आणि दुसऱ्यास घरून बोलावून घेतले, उमाक्काच्या हाती ओगराळे दिले, आणि नवी रीत घातली. मीठ पडले की ढवळणाऱ्याने मोठ्याने "पडलं!" म्हणावे, आठही चुलींस ऐकू जावे असे. आणि मुख्याने सर्वांच्या शेवटी, वाढप्यांच्या पंगतीत, त्याच हंड्यातले जेवावे, आणि जेवण संपेपर्यंत पाण्यास हात लावू नये. सकाळचे "मला खरं आवडतं" हे भाषण बंद जाहले. पंतांनी आपले ओगराळेही खुंटीस टांगले.

एवंच हकीकत इतकीच की तळे भरले, हत्ती उठला, आणि पंत पुढे नऊ वर्षे मुख्य राहिले.

आणि दात राखायचे म्हणोन सांगते, यात एक गोष्ट पदरची आहे. हत्ती नव्हे, हत्ती खराच. राजेसाहेबांपुढे पंत "मीठ दोनदा पडलं" एवढेच म्हणाले. "हात पंतांचा" हे मागून, निघता निघता दाराशी थांबलेल्या उमाक्का म्हणाल्या. पंतांनी मात्र नाही म्हटले नाही.