वखारीपाशी उजवीकडे

आपल्या शहरातून जाणारा राज्य महामार्ग डोळे मिटून कुणाला सांगता येत असेल, तर तो मला! ही शेखी नव्हे. उभी हयात मी शाळेत भूगोल शिकवला, आणि बरं का, तोही मैदानावर. फक्कीची एक लांबलचक रेघ मारायची, तो महामार्ग! मग मुलांनाच ठिकाणं करायचं. वर्गातली सर्वांत उंच मुलगी घड्याळाचा मनोरा, तिचे हात म्हणजे काटे. तिच्या पुढची मुलगी लाकडाची वखार, तिनं 'घर्र घर्र' करत करवत चालवायची. एकजण रेल्वेचं फाटक, हात वर-खाली करणारा. एकजण ओणवा, तो नदीवरचा पूल. शेवटी चारपाच जण एकमेकांना चिकटून बसले की झाली वीटभट्टी, आणि शहर संपलं! उरलेला वर्ग 'पीं पीं' करत रेघेवरून धावायचा. वखारीपाशी उजवीकडे, फाटकातून सरळ! पोरं झोपेतसुद्धा रस्ता सांगायची. पेंगुळ्या नावाचा एक विद्यार्थी तर खरोखरच झोपेत सांगायचा.

तर परवा माझी नात चिमणी तिच्या शाळेत पहिल्यांदाच लोकांसमोर बासरी वाजवणार होती. शाळा नवी, शहराबाहेर, जिथं पूर्वी वीटभट्टी होती तिथं. ती रोज सराव करते तेव्हा मी तिच्यासमोर बसतो. मी श्वास घेतला की ती घेते.

"आजोबा, तुम्ही समोर नसलात तर मी फुंकच मारणार नाही," असं बजावून ती सकाळीच आईबरोबर पुढं गेली.

दुपारी जावईबापूंनी गाडी काढली आणि फोन समोर अडकवला. फोनमधली बाई लगेच बोलायला लागली.

"तिला गप्प करा," मी म्हणालो. "मी असताना बाहेरची शिकवणी कशाला?"

"बाबा, ती बाह्यवळणानं जा म्हणतेय. महामार्ग आता तिकडून जातो."

"महामार्ग काय भाडेकरू आहे, घर बदलायला?"

मागच्या सीटवरून आमच्या हिचा सुस्कारा ऐकू आला. "जावईबापू, पाण्याची आणखी एक बाटली घ्या हो."

घड्याळाचा मनोरा जागेवर होता. मी मागं वळून विजयी मुद्रेनं पाहिलं. ही खिडकीबाहेर पाहत होती.

पुढं वखार मात्र दिसेना. तिथं काचेची एक भलीमोठी इमारत उभी! मी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला रोपं विकणाऱ्या बाईंना विचारलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"सर! ओळखलं नाहीत? मी वखार!"

आणि हातातली झारी खाली ठेवून भर रस्त्यात त्यांनी 'घर्र घर्र' करवत चालवली. माझे डोळेच भरून आले. मला क्षणभर दोन वेण्यांची, गुडघ्याला फक्की लागलेली मुलगी दिसली.

"वखारीपाशी कुठं वळायचं गं?"

"उजवीकडे!" तीच चाल, तोच सूर!

आम्ही उजवीकडे वळलो. एका रखवालदारानं गाडीच्या काचेवर पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि रस्ता गोल गोल चढायला लागला.

"घाट आला वाटतं," मी म्हणालो.

"या महामार्गाला घाट कधीपासून?" ही म्हणाली.

वर पोचलो, तर चहूकडे उभ्या गाड्या. ती काचेची इमारत म्हणजे दुकान होतं, आणि आम्ही त्याच्या वाहनतळाच्या गच्चीवर होतो! एक बाई गाडीत सामान भरता भरता आमच्याकडे कुतूहलानं बघत होत्या. उतरताना तर रांगच लागली.

"अहो, पोरगी वाट बघत असेल," हिचा आवाज आता बदलला होता.

"आता फाटकातून सरळ. मग पूल, मग शाळा!"

चौकात वाहतूक पोलीस उभा होता. मी काच खाली केली. त्यानं खाडकन सलाम ठोकला.

"सर! मी फाटक!"

"अरे वा! मग आम्ही कसं जावं?"

"फाटकातून सरळ!" म्हणत त्यानं हात असा काही वर केला, की चारी बाजूंच्या गाड्या थांबल्या. आम्ही ऐटीत सरळ गेलो, आणि समोर भिंत! रुळांवर गवत, फाटकाचा पत्ता नाही.

पोलीस धापा टाकत मागून आला. "सर, चुकलंच. फाटक बंद झालं. रोज इथून गाड्या परत पाठवणं हेच तर माझं काम! पण तुम्ही विचारलंत, आणि हात आपोआप वर गेला..."

मला तर त्या गवतातसुद्धा फक्कीची पांढरी रेघ दिसत होती.

जावईबापूंनी निमूटपणे फोन चालू केला. या वेळी मी त्या बाईला बोलू दिलं.

सभागृहात शिरलो तेव्हा कार्यक्रमाची वेळ केव्हाच उलटून गेली होती. मंचाच्या कडेला चिमणी बासरी घट्ट धरून उभी. डोळे दाराकडे.

"झालं का गं तुझं?" मी विचारलं.

"सुरूच कुठं झालंय! पाहुणे हरवलेत!"

तेवढ्यात दारातून प्रमुख पाहुणे धावत आले. महामार्गाचे मोठे अभियंते, घामाघूम, आणि कोटाच्या बाहीला चिकटलेली पिवळी चिठ्ठी. अगदी आमच्या गाडीवर होती तशी, वाहनतळाची! मला पाहून ते जागीच थबकले.

"सर?"

"पेंगुळ्या! तू?"

"बाह्यवळणाचा आराखडा मीच केला, सर. पण चालकानं विचारलं, 'साहेब, जुन्या वीटभट्टीकडे कसं जायचं?' माझा जरा डोळा लागला होता..."

"मग?"

"मी म्हणालो, 'वखारीपाशी उजवीकडे!'"

मी समोरच्या रांगेत बसलो. श्वास घेतला. चिमणीनंही घेतला, आणि असा सूर लागला, की पेंगुळ्या शेवटपर्यंत जागा राहिला!

निघताना तो माझ्याजवळ आला. "सर, आता परत कसं जायचं?"

मी खुशीत तोंड उघडलं. चिमणीनं बासरी माझ्या ओठांवर आडवी धरली.

"आजोबा, नुसता श्वास घ्या. बोलू नका!"