चूळ भरा, साहेब!

इस्तारी गुरुजींनी शाळेतल्या झाडून सगळ्या पोरांचे दात लाल केले आणि नेमके त्याच दुपारी तपासणीचे साहेब आले. यायचे होते दुसऱ्या दिवशी. पण दुसऱ्या दिवशी चामोर्शीचा बाजार. साऱ्या बैलगाड्या तिकडेच जाणार. म्हणून साहेब मिळेल त्या गाडीत बसून आदल्या दिवशीच हजर झाले.

गुरुजींचा हेतू चांगला होता. शाळेला चौथीचा वर्ग हवा होता. तो मिळाला नाही, तर तिसरी झालेली पोरं घरी बसणार, नाहीतर रानातून चामोर्शीपर्यंत पायपीट करणार. वर्ग देणं साहेबांच्या हाती. आपली पोरं किती स्वच्छ राहतात ते त्यांना दाखवावं, त्यासाठी आधी दातांवरचा मळ पोरांनाच दिसावा, म्हणून गुरुजींनी मिठाईवाल्याकडून खायचा लाल रंग आणला होता.

"पोरहो, तळ्याच्या पायरीवर पाय काऊन घसरते?"

"शेवाळानं जी!" मासे धरणाऱ्या मुखरूची बुधरी ओरडली.

"तसंच दातावर होते. तोंडातले जंतू लई बारीक, डोळ्याले दिसत नाई. पण ते एकेकटे राह्यत नाई, वस्ती करते. खाली लाळेचं सारवण, त्यावर चिकट घरं, घरावर घरं. नुसत्या चुळीनं वस्ती हालत नाई, घासाच लागते. हा रंग त्या वस्तीवर बसते. भरा चूळ!"

पोरांनी चुळा भरल्या. ज्याची वस्ती मोठी, त्याचे दात लालभडक. एकमेकांच्या तोंडात डोकावत पोरं खिदळू लागली. आता तळ्यावर जाऊन दात घासायचे, एवढ्यात दारात साहेब उभे!

"नमस्ते, साहेब!" सगळी लाल तोंडं एका सुरात उघडली.

साहेबही लाल झाले, पण रागानं. ते पानतंबाखूचे हाडवैरी. त्याच संध्याकाळी चामोर्शीत शिक्षकांपुढे त्याच विषयावर त्यांचं भाषण होतं.

"गुरुजी! दुसरीतली पोरं पान खातात?"

"पान नाई जी, रंग हाय. दातावरची जंतूंची वस्ती दाखवत होतो."

"न दिसणारी वस्ती दाखवता? मला बनवता? अशा शाळेला चौथी? विसरा!"

बुधरी रंगाच्या पाण्याचा गडवा घेऊन पुढे आली. "सायेब, तुमी बी भरा ना चूळ. दात साफ असन, तं रंग बसनच नाई."

"मी रोज मंजन लावतो," साहेब ताठ मानेनं म्हणाले. त्यांनी खळखळून चूळ भरली आणि दात दाखवले.

पोरांनी तोंडावर हात दाबून हसू आवरलं. घंटा वाजवणाऱ्या बिरजूला मात्र राहवलं नाही. "बापा! आपली तं खेडी होती. सायेबाचं अख्खं चांदा शहर हाय!"

साहेबांनी साध्या पाण्यानं चूळ भरली. पुन्हा भरली. शहर जागचं हललं नाही. रुमालानं पुसायला गेले, तर रुमाल लाल. "गुरुजी, संध्याकाळी माझं भाषण!" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

मग सगळी शाळा साहेबांना घेऊन तळ्यावर गेली. बिरजूनं कडुनिंबाची काडी कापून दिली. साहेब पायरीवर बसले आणि भोवती पोरांनी कोंडाळं केलं.

"तसं नाई जी. आधी चावून कुच्चा करा."

"हळू. हिरडीले लागन."

"मागच्या दाढा राह्यल्या, सायेब!"

पोरं सांगतील तसं साहेब घासत होते. एरवी तीनचा पाढा चाचरत म्हणणारी पोरं आज मास्तरासारखी बोलत होती. गुरुजी मागे उभे राहून ऐकत होते आणि त्यांची छाती सदऱ्यात मावत नव्हती.

दात पांढरे झाल्यावर साहेबांनी विचारलं, "आता ही वस्ती कायमची गेली ना?"

"नाई जी!" सगळी शाळा गरजली. "आजपासूनच पुन्हा बसते. रोज घासा लागते!"

साहेब हसले. "गुरुजी, ही पोरं पुढे शिकलीच पाहिजेत. चौथी याच गावात होईल."

गुरुजींनी हात जोडले. तेवढ्यात बुधरीनं रंगाचा गडवा त्यांच्यापुढे धरला.

"गुरुजी, आता तुमीच राह्यले."

तपासणीच्या धांदलीत गुरुजींनी दोन दिवस काडीला हात लावला नव्हता. शाळा सुटल्याची घंटा झाली तर बरं, म्हणून त्यांनी आशेनं बिरजूकडे पाहिलं.

बिरजू झाडावर चढून दुसरी काडी कापत होता. यावेळी जरा जाड.