कुंड्यांचा खटला

"हा वाद मी चहाच्या आत मिटवते!" लेकीनं जाहीर केलं, तेव्हा बाबा सोफ्यावर पेपरात तोंड खुपसून बसले होते आणि आई मातीचे डाग पडलेली पांढरी चादर निशाणासारखी फडकवत होती.

लेक कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. विषय कायदा, पण नुसता नाही. जोडीला मानसशास्त्र आणि समाजशास्त्र. सर म्हणाले होते, "कलमं कुणीही पाठ करेल. कलमामागचा माणूस वाचा." तेव्हापासून बाईसाहेब दिसेल त्याला वाचत सुटल्या होत्या. दूधवालासुद्धा हल्ली पिशवी दारात ठेवून पळ काढायचा!

वाद जुनाच. वरच्या काकू कुंड्यांना पाणी घालायच्या, ते टपकायचं आईच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. एकेकाळच्या जिवाभावाच्या मैत्रिणी, आता जिन्यात समोर आल्या तरी भिंतीकडे बघायच्या. आईला ते आतून लागत होतं, पण आधी बोलायचं कुणी?

लेक वर गेली. काकूंचं सगळं ऐकलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

"काकू, मुलं परगावी गेली ना? ती पोकळी तुम्ही कुंड्यांनी भरताय. दोष पाण्याचा नाही, मनाचा आहे."

"म्हणजे मी वेडी?"

"छे हो! असं पुष्कळांचं होतं!"

दार धाडकन बंद!

लेक डगमगली नाही. खाली येऊन तिनं आईला गाठलं. "आई, चादर हे निमित्त. तुझा खरा राग बाबांवर आहे. ते घरात इकडची काडी तिकडे करत नाहीत आणि तू तो काकूंवर काढतेस."

बाबांचा पेपर सावकाश खाली आला. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "अगं बाई! इतकी वर्षं मला हे सुचलं कसं नाही?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात काकू, लालबुंद. "तुमची मुलगी मला वेडी म्हणाली!"

"तुम्हाला एकटीलाच नाही हो! या, आत या. मला काय म्हणाली ते ऐका!"

चहा झाला. मग दुसरा झाला. "कुंड्यांखाली ताटल्या केव्हाच ठेवल्या असत्या," काकू म्हणाल्या, "पण तुम्ही बोलेचनात." दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग दोघींनी मिळून सोफ्याकडे मोर्चा वळवला.

"बघितलंत बाबा? मिटला की नाही वाद?" लेक ऐटीत म्हणाली.

बाबा मोरीत उकिडवे बसून चादर घासत होते. कोपरापर्यंत फेस! त्यांनी हळूच मागे पाहिलं आणि कुजबुजले, "बेटा, एक काम कर. त्या दोघींचं भांडण पुन्हा लावून दे!"