दारात कोण होतं?

एका टीव्ही चॅनेलच्या तक्रार विभागात चिकटून तायडीला बरेच महिने झाले होते, पण ती अजून कायम झालेली नव्हती. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मोठे साहेब महिनाअखेरीस ठरवणार होते. घरी आईनं मात्र मावशीला "झाली हो आमची कायम" असं सांगूनही टाकलं होतं. त्यामुळे तायडीला आता कायम होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

चॅनेल साधंसुधं नव्हतं. वेगळी वर्गणी भरून घ्यायचं, फक्त दर्जेदार मालिका दाखवणारं चॅनेल होतं. दर्जेदार म्हणजे काय, तर त्यात दिवे कमी असत, माणसं खिडकीशी पाठ करून उभी राहत आणि कुणी काही विचारलंच तर उत्तर पुढच्या भागात मिळे. तायडीनं त्यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. कर्मचाऱ्यांना चॅनेल फुकट नव्हतं, आणि विकत घेता येईल एवढा पगार चॅनेल देत नव्हतं. तिचं काम एकच होतं. चॅनेल बंद करा म्हणून जो फोन करेल, त्याला ते बंद करू द्यायचं नाही.

तर त्यांची सगळ्यात गाजलेली मालिका संपली. एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची बायको पहिल्याच भागात घर सोडून जाते आणि तो उरलेले सगळे भाग तिची वाट बघतो, अशी गोष्ट. शेवटच्या भागात दारावरची बेल वाजते. तो उठतो, कडीला हात घालतो आणि पडदा काळा होतो. संपलं. दारात कोण होतं, ते कुणालाच दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन थांबेनात. निम्म्या लोकांना आपला टीव्ही बिघडलाय असं वाटत होतं आणि उरलेल्यांना चॅनेलचं डोकं. दुपारपर्यंत तायडीच्या हातून इतकी गिऱ्हाइकं सुटली, की मोठे साहेब काचेच्या केबिनमधून तिच्याकडे टक लावून बघायला लागले. तेवढ्यात एका निवृत्त हेडमास्तरांचा फोन आला.

"बंद करा तुमचं चॅनेल! आत्ताच्या आत्ता!"

"काय झालं, काका?"

"काय झालं मला विचारता? दारात कोण होतं ते सांगा आधी!"

सकाळपासून ऐकून ऐकून गोष्ट तिला तोंडपाठ झाली होती. तिनं काचेकडे एकदा बघितलं आणि ती म्हणाली, "बायकोच होती हो, काका."

"खरं सांगता?"

"अगदी खरं."

"मग दाखवायला काय धाड भरली होती?"

"खूप रडत होती ना. बरं नसतं दिसलं."

"हं. ते बाकी खरं," हेडमास्तर म्हणाले. "राहू द्या चॅनेल."

थोड्या वेळानं एका ग्रंथपालबाईंचा फोन आला. त्या वाचनालयातून बोलत होत्या, म्हणून हळू बोलत होत्या. पण हळू आवाजातही किती चिडता येतं, हे तायडीला त्या दिवशी कळलं.

"हे बघा, चॅनेल माझ्या नावावर आहे. एवढे दिवे लावून ती बया परत आली असेल ना, तर मला तुमचं चॅनेल नको."

"छे हो, मावशी! ती कुठली येतेय! दूधवाला होता."

"नक्की?"

"हातात पिशव्यासुद्धा होत्या."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "भोग म्हणावं आता."

तायडीला गुरुकिल्ली सापडली. ज्याला जो हवा, तो ती दारात उभा करायला लागली. कुणाला भाऊ दिला, कुणाला पोलीस. एका आजोबांना मालिकेतल्या हरवलेल्या बिचाऱ्या कुत्र्याची फार काळजी होती, त्यांच्यासाठी कुत्रं परत आणलं. संध्याकाळपर्यंत एकही गिऱ्हाईक सुटलं नाही. मोठे साहेब केबिनमधून उठून बाहेर आले आणि तिच्या टेबलावर टिचकी मारून गेले. साहेबांनी टिचकी मारली म्हणजे काम झालंच, असं ऑफिसात मानलं जाई. तायडी त्या दिवशी घरी गाणं गुणगुणत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर आणि ग्रंथपालबाई ऑफिसात हजर झाले. दोघं एकाच रिक्षातून उतरले आणि एकाच आडनावानं वहीत नोंद करून आत आले. ते नवरा-बायको होते.

"रात्रभर घरात कुणी कुणाशी बोललेलं नाही," हेडमास्तर म्हणाले. "ही म्हणते दूधवाला. मी म्हणतो बायको. तुमच्याच माणसानं दोघांना सांगितलंय!"

"आणि मला हे खोटारडी म्हणाले," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा!"

मोठ्या साहेबांनी तायडीकडे बघितलं. त्या बघण्यात कालची टिचकी कुठेच नव्हती. नशीब असं खट्याळ, की मालिकेचे लेखकही त्याच वेळी केबिनमध्ये पुष्पगुच्छ स्वीकारायला बसले होते. साहेबांनी सगळ्यांना आत घेतलं.

"सर, आता तुम्हीच सांगा," साहेब लेखकांना म्हणाले. "दारात कोण होतं?"

लेखक उठले आणि खिडकीशी पाठ करून उभे राहिले. "ते प्रेक्षकांनी ठरवायचं," ते म्हणाले.

"असं?" हेडमास्तरांची मान वर झाली. "पोरानं शेवटचा प्रश्न कोरा सोडला आणि 'उत्तर तपासणाऱ्यानं ठरवावं' असं लिहिलं, तर त्याला मार्क किती द्यायचे हो?"

लेखकांनी पुष्पगुच्छ या हातातून त्या हातात घेतला. बाई त्यांच्याकडे, वाचकाकडे पडून राहिलेली पुस्तकं परत मागताना बघावं तसं बघत होत्या. शेवटी लेखकांचा धीर सुटला.

"मलाही माहीत नाही हो," ते खुर्चीत बसत म्हणाले. "बायकोचं काम करणारी बाई शूटिंग अर्धवट टाकून दुसऱ्या चॅनेलवर गेली. मी तरी दारात कुणाला उभं करणार?"

मग एकेक करून सगळे तायडीकडे बघायला लागले. नोकरी तर गेल्यातच जमा होती, पण निदान या म्हाताऱ्यांचा अबोला तरी आपल्या माथी नको, असं तिला मनापासून वाटलं.

"काका, बेल दूधवाल्यानंच वाजवली होती," ती म्हणाली. "मावशींचं बरोबर आहे. पण तो पिशव्या देत होता ना, तेव्हा त्याच्या मागून ती जिना चढत होती."

हेडमास्तरांनी बायकोकडे बघितलं. "म्हणजे दूध आधी."

"आधीच," तायडी म्हणाली.

"असेल बाई," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "जिन्यातून परत पाठवतासुद्धा येतं." आणि दोघं बोलत बोलत बाहेर पडले. लेखकांनी खिशातून पेन काढलं, तळहातावर काहीतरी खरडलं आणि ते निरोप न घेताच त्यांच्या मागोमाग सटकले.

केबिनमध्ये साहेब आणि तायडी दोघंच उरले.

"जे तुला माहीत नाही, ते तू चॅनेलच्या नावानं सांगितलंस," साहेब म्हणाले. "असं माणूस मला ठेवता येणार नाही. उद्यापासून येऊ नकोस."

तायडीनं मान हलवली. आईला काय सांगायचं आणि आईनं मावशीला काय सांगायचं, याचा विचार करत ती दारापर्यंत गेली.

"थांब," साहेब मागून म्हणाले. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. "ती जिना चढून वर आल्यावर... त्यानं तिला आत घेतलं का?"

तायडी वळली. साहेबांच्या चेहऱ्यावर अगदी कालच्या हेडमास्तरांसारखी कळकळ होती.

"उद्या सांगितलं असतं, साहेब," ती म्हणाली. "पण उद्या मी नाहीये."

साहेबांनी पेपरवेट खाली ठेवला. मग त्यांनी खणातून तिच्या नेमणुकीचा कागद काढला आणि सही करायला घेतली. तायडी मुकाट्यानं समोर उभी राहिली. त्यानं तिला आत घेतलं की नाही, हे अजून तिचंही ठरलेलं नव्हतं.