नानांची किंकाळी

त्या दिवशी आभाळ कोंदून आलं होतं आणि वारा असा पडला होता की दोरीवरचा टॉवेलही हलत नव्हता. म्हणून घराची दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. नानांना ते बरंच वाटलं. आज जे बोलणं व्हायचं, ते शेजारीपाजारीही ऐकणार होते.

नानांनी उभा जन्म सिनेमाच्या आवाजाच्या खोलीत काढला. दार करकरायला हवं, तर जुनी खुर्ची पिळायची. कुणाला थप्पड बसायला हवी, तर स्वतःच्या मांडीवर मारून घ्यायची. पडद्यावर नाव कधी आलं नाही. अभिमान होता तो एका किंकाळीचा. जुन्या विनोदी सिनेमांत कुणीही घसरलं की धडाम होई आणि पाठोपाठ 'ईईई-हुप्' ऐकू येई. एकदा स्टुलावरून पडताना ती आपल्या तोंडून निघाली आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या साहेबांनी जपून ठेवली, हे नाना चाळीस वर्षं सांगत आले होते.

आता असे आवाज मुळात कुठून आले, ते शोधणारी एक मुलगी, आवाजाच्या रेघा जुन्या सिनेमातल्या आवाजाशी जुळवून दाखवणारं यंत्र घेऊन समोर बसली होती. खात्री पटली तर पुस्तकात नाव छापणार होती.

"आजोबा, एकदा काढून दाखवता?"

नानांनी काढली. (शेळीला उचकी लागावी तसं काहीसं झालं.)

"जुळत नाही हो," मुलगी हळूच म्हणाली.

"बसून कशी जुळेल? ती पडतानाची आहे." नाना स्टुलावर चढले.

"अहो, उतरा. हाडं काय भाड्याने आणलीत?" आजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या.

तेवढ्यात स्टूल कललं. नाना खालच्या गादीवर आडवे झाले, तेही मुकाट्याने, तोंड घट्ट मिटून. आणि दारातून आवाज आला, "ईईई-हुप्!"

मुलगी यंत्राकडे बघतच राहिली. "आजी, रेघ न् रेघ जुळली."

"जुळणारच," आजी नानांचा गुडघा चोळत म्हणाल्या. "त्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. हे असेच पडले. बघून ओरडले मी."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" नानांचा चेहरा एवढासा झाला.

"तुम्ही सांगताना किती खूश दिसायचात."

नानांनी खाली मान घालून मुलीला सांगितलं, "हिचंच नाव लिही, बाळ."

एवढ्यात शेजारचे मास्तर धावत आले. मुलीने त्यांना विचारलं, "काका, आत्ताचा आवाज ऐकलात? हे आजोबा तो स्वतःचा समजत होते."

मास्तर दम खात म्हणाले, "वहिनींचा आवाज आम्ही रोज ऐकतो. नानांनाही आवाज आहे, हे मात्र आजच कळतंय."