सुहास सरांचं भाषांतर

सुहास सरांना परदेशी भुतांचे सिनेमे फार आवडायचे, आणि एकट्याने बघायची तितकीच भीती वाटायची. सगळी पंचाईत इथूनच सुरू झाली. पारनेरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. कोरियन भूत काय बोलतंय ते खालच्या इंग्रजी ओळी वाचून त्यांना बरोबर कळायचं. पण शेजारी कुणीतरी बसायला नको का? म्हणून त्यांनी बायकोला बसवलं. विजयाताईंना इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा सर एकेक ओळ मराठीत सांगणार असं ठरलं.

पहिल्याच सिनेमात कपाटातून केस मोकळे सोडलेली बाई निघाली आणि विजयाताई उठल्या.

“मी चालले. असलं अभद्र बघायचं नाही मला.”

“अगं बस! ती म्हणतेय, आई, मी तुला भेटायला आले.”

खरं तर ती म्हणत होती, ‘आता तुझी पाळी.’ पण विजयाताई बसल्या आणि डोळे पुसत शेवटपर्यंत बसल्या. सरांनी तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. कसलं सांगताहेत! रोज दुपारी एक सिनेमा आणि सिनेमाभर थापा.

मग विजयाताईंनी कौतुकाने शेजारच्या आक्काबाईंना बोलावलं. आक्काबाई आणि त्यांची सून रेश्मा दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका घरात दोन चुली. आणि नेमका त्याच दिवशी पडद्यावर सासूने सुनेचा गळा धरला.

“काय करती वो ती?”

“सुनेचा घसा बसलाय. तेल चोळतेय,” सर म्हणाले.

“मग एवढी वरडती कशापायी?”

“सवय नाही हो बिचारीला मायेची.”

झालं! आक्काबाईंच्या डोळ्यांना धार लागली. “मी मेलीनं कधी पोरीला जवळ घिऊन इचारलं न्हाई,” म्हणत त्या तडक घरी गेल्या. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे एकच चूल पेटली.

दुसऱ्या दिवशी त्या रेश्माला घेऊनच आल्या. रेश्मा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका. सरांच्या तोंडचं पाणीच पळालं. पडद्यावर एक म्हातारी विळा घेऊन पोराच्या मागे धावत होती.

“आज तू सांग गं रेश्मा. सरांना लई तरास हुतो.”

रेश्माने ओळ वाचली, सरांकडे पाहिलं, मग सासूने घट्ट धरलेल्या आपल्या हाताकडे.

“आत्या, ती म्हणतेय, मी गवताला चाललेय, पण तू आधी जेवून घे रे बाळा.”

सरांचा जीव भांड्यात पडला. पण रेश्मा इतकं सुंदर सांगायची, की त्या दिवसापासून सरांना कुणी विचारेचना. “तिचं कसं आतून येतं,” विजयाताई म्हणायच्या आणि नवऱ्याला चहा टाकायला पाठवायच्या. आठवडाभर सरांनी सोसलं. मग एका दुपारी पडद्यावरची कुऱ्हाड घेतलेली बाई पोराला ‘जेवून घे’ म्हणतेय असं रेश्माने सांगितलं, तेव्हा हातातला ट्रे आदळून ते ओरडले, “खोटं आहे सगळं! ती त्याचं मुंडकं उडवायला निघालीय!”

सगळ्यांनी वळून सरांकडे पाहिलं.

“आन् त्या दिशी सासू तेल चोळत हुती, त्ये?” आक्काबाईंनी हळूच विचारलं. त्यांनी रेश्माचा हात सोडला होता. रेश्माचा चेहरा पांढरा पडला.

सरांना स्वतःच्या जिभेचा असा राग आला की बस. कुठून बोललो! त्यांनी पुढे होऊन पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

“थांबा, थांबा. रेश्माचंच बरोबर आहे. जेवून घे असंच लिहिलंय,” ते कसंबसं म्हणाले. “तेलाचंही खरंच होतं. आज माझीच चूक झाली. माझं इंग्रजी... तसं कच्चंच आहे.”

आक्काबाईंनी रेश्माचा हात पुन्हा ओढून मांडीवर घेतला. विजयाताई मात्र नवऱ्याकडे बघत राहिल्या.

“अगं बाई!” त्या हळहळल्या. “मग तीस वर्षं त्या लेकरांना शिकवलंत तरी काय हो?”